नवव्या रविवारची बिडी

२ नोव्हेंबर, रविवार

काडेपेटी बनवणाऱ्या समस्त कारखानदारांविरुद्ध माझी तक्रार इथे रीतसर नोंदवून ठेवतो. आजकालच्या काडीला गूल आहे, देह नाही. घासली की मान मोडते. मोडली नाही तर पेटते, आणि पेटली तर सिगारच्या तोंडाशी पोचेपर्यंत तिची इहलोकीची यात्रा संपते. आज एका सिगारला चौदा काड्या लागल्या. लायटर वापरायचा नाही, गॅसचा वास पानाला लागतो, असा मन्याचा दंडक. मन्या हॅम्बुर्गला बसून दंडक काढतो, बोटं यवतमाळात भाजतात.

क्र. २. टोक अडकित्त्यानं कापलं (आईचा. सुपारी सोडून पहिल्यांदाच त्याला परदेशी काम मिळालं). ओढ बरी. पहिल्या तिहाईत भाजलेला शेंगदाणा, मग पोथी बांधतात त्या फडक्याचा वास, शेवटी मिरी. षड्रसांत कषाय, म्हणजे तुरट, पुढे. गुण ७८.

साडेसहाला दोघांनी एकदमच टिपणाचा फोटो पाठवला, एकमेकांचं न वाचता, ठरल्याप्रमाणे. मन्याचं: अक्रोड, कातडं, कोको, ८८. खाली ओळ: "शेंगदाणा? तुले नाक आहे का गाजर लावलं बे?"

मी: "अक्रोड मी जन्मात दोनदा खाल्ला, शेंगदाणा रोज खातो. साक्षीदार कोणाचा भक्कम?"

तासभर भांडलो. बरं वाटलं.

३ नोव्हेंबर, सोम.

डब्याची हकीकत लिहायची राहिली होती.

मन्या दिवाळीत आला, आठ वर्षांनी. एकटाच. चार दिवस माझ्याकडेच राहिला. बाभुळगावच्या शाळेत बाकावर शेजारी बसणारा माणूस, आता जर्मन पगार घेतो, पण तोंड उघडलं की अजून बाभुळगाव. बारीक झाला आहे. कमरपट्ट्याला घरी खिळ्यानं पाडलेलं नवं भोक. म्हटलं, तिकडे खायला देत नाहीत का? तर म्हणे, डायट.

शेवटच्या दिवशी त्यानं विचारलं, "रविवारी काय करतं तू?"

"सोमवारची वाट पाहतो."

मला वाटलं हसेल. हसला नाही. बॅगेतून हा लाकडी डबा काढला. बारा सिगार. नावाच्या कागदी पट्ट्या काढून टाकून प्रत्येकाला नुसता आकडा चिकटवलेला. तसाच दुसरा डबा हॅम्बुर्गला त्याच्यापाशी. दर रविवारी आपल्या पाचला, त्याच्या दुपारी साडेबाराला, दोघांनी एकच आकडा पेटवायचा, रस-गंध-राख लिहायची, गुण द्यायचे. नाव कळलं की जीभ खोटं बोलते, म्हणून नावं लाखेनं बंद केलेल्या लिफाफ्यात. "बारावा वढून झाला का फोड. आधी फोडशीन त पाप."

लिफाफा चांगला जाड आहे. बारा नावांना एवढे कागद? पण मन्या शाळेपासून पुरवण्या जोडणारा.

डब्यात ओल राहावी म्हणून माठाची भिजवलेली खापरी ठेवली आहे. इकडची हवा तीन दिवसांत पापड करते.

९ नोव्हेंबर, रवि.

क्र. ३. पेटवून पाच मिनिटं झाली असतील, जिन्यात पावलं. रशीदभाई. मागच्या गल्लीत मोटार वाइंडिंगचं दुकान, लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या अर्ध्या मोटारी त्यांच्या हाताखालून गेलेल्या. धापा टाकत वर आले.

"पंडितजी! मले वाटलं डीपी जळाली."

"सिगार आहे."

त्यांनी तो सगळ्या बाजूंनी पाहिला. "केवढा हा! अर्ध्यात जेवायची सुट्टी घ्या लागत असंन."

मी शास्त्रोक्त माहिती दिली. धूर गिळायचा नाही. तोंडात फिरवायचा, रस ओळखायचा, सोडून द्यायचा.

"गियाचा नाही?"

"नाही."

"मंग वढता कायले?"

न्यायशास्त्रात याला निग्रहस्थान म्हणतात. वाद हरल्याची जागा. मी राख झटकली.

ते दुसऱ्या खुर्चीवर बसले, स्वतःची बिडी काढली आणि माझा सिगार निम्म्यावर येईपर्यंत दोन संपवल्या. त्या खुर्चीवर बऱ्याच दिवसांनी कोणी बसलं.

मन्याशी भांडण: मी ओला खडू म्हटलं, त्यानं देवदार. ७४ / ९०. मन्या म्हणे, तुझ्या हातून संस्कृतच्या पेपरातही कोणी पास झालं नसतं.

१६ नोव्हेंबर, रवि.

क्र. ४. राख दोन बोटं लांब टिकली, पांढरीशुभ्र, आजवरची उत्तम. चव मध्ये कुठेतरी गुळाच्या काकवीकडे गेली आणि परत आली नाही. ८५.

मन्या ७०! "काकवी नाही, करपला आहे तो. मले त घशात खवखवलं." त्यावर मी तीन परिच्छेद लिहिले. त्याचा चौथा परिच्छेद येण्याऐवजी: "थांबतो. उद्या सकाळी दवाखाना आहे. रुटीन."

मी लिहिलं, "जर्मन माणूस रुटीनलाही वेळ ठरवून जातो. आपल्याकडे मरायलासुद्धा कोणी नंबर लावत नाही."

त्यानं हसरं तोंड पाठवलं. एकच.

२३ नोव्हेंबर, रवि.

क्र. ५. ऐतिहासिक दिवस. मन्यानं माझं म्हणणं मान्य केलं.

टिपण चाळीस मिनिटं उशिरा आलं, हाताचं नाही, टाइप केलेलं. म्हणे बाल्कनीत बोटं गारठतात. मी लिहिलं होतं: ओला कापूस, दालचिनी, तळाशी किंचित आंबट. त्याचं: "तू म्हणतं तसंच. दालचिनी त पक्की. ८१." माझेही ८१.

कॉलर ताठ. आता इतर प्रश्नांतही त्याला सुधारता येईल.

३० नोव्हेंबर, रवि.

क्र. ६. पुन्हा सहमत. गुणसुद्धा तेच, ७९. माझी जीभ तयार झाली म्हणायची. पंचावन्नाव्या वर्षी माणसाचा एखादा अवयव सुधारतो हे ऐकलं नव्हतं.

फक्त एक. भांडण नसल्यामुळे सगळं सहा पस्तीसला आटोपलं. मग गच्चीवर बसून राहिलो. खाली कुणाकडे तरी वांगं भाजत होते. खाली जाऊन नागपूरला आमच्या पेपरच्या डेस्कला फोन केला की बातमी पोचली का. पोचली होती, सकाळीच. "सर, तुम्ही दुपारीपण विचारलं होतं."

७ डिसें., रवि.

क्र. ७. ८३ / ८३. "अगदी."

१० डिसें., बुध.

कामानं कळंबला. पंचायत समितीची बैठक, दोन तास, बातमी चार ओळींची. उरलेल्या वेळात चिंतामणीच्या देवळात. जमिनीखाली उतरत जाणाऱ्या त्या पायऱ्या, खालचा गारवा, ओल्या दगडाचा आणि शेंदुराचा वास. हा वास एखाद्या सिगारात आला तर शंभरपैकी शंभर.

दिवाळीत मन्याला घेऊन आलो होतो. वर चढताना दोनदा थांबला. म्हणे, फोटो काढतो. ते फोटो अजून पाठवलेले नाहीत. आळशी.

१४ डिसें., रवि.

क्र. ८. मी मुद्दाम जरा अवघड लिहिलं: कवठाचा गर, घोंगडी, बंद पडलेल्या देवघरातली हवा. मन्या: "कवठ! मले शब्द सापडत नव्हता." ८८ / ८८.

दोन पंडितांचं एवढं एकमत कुठल्या शास्त्रात मी वाचलेलं नाही.

२१ डिसें., रवि.

सर्दी. नाक ठार बंद. वाफ, काढा आणि सुंठ या तिघांनी मिळून काहीही केलं नाही. अशा नाकानं क्र. ९ पेटवणं म्हणजे बहिऱ्यासमोर मैफल, म्हणून त्याला हात लावला नाही. पण रविवार कसा सोडायचा?

रशीदभाई (पुढे र.भा.) टाकीची मोटार बघायला आले होते. काम झाल्यावर खुर्चीवर बसून बिडी पेटवली. माझ्या डोक्यात आलं.

"एक द्या."

"तुमी? बिडी?"

"शास्त्रासाठी."

सर्व विधी यथासांग. अडकित्ता लावला, बिडीचं टोक कसलं कापणार, पण लावला. एका काडीत पेटली, हे मान्य करायला हवं. वास मला येत नव्हते, ते र.भा. सांगत गेले, मी भाषा चढवली.

"लिहा, जंगलातला पाला जयते तसं." मी लिहिलं: प्रारंभी सुके रानपान.

"मंधात इटभट्टी." मी: मध्यात भाजलेली माती.

"आन शेवटी दोरा जयला का ठसका लागते." मी: अंती जळक्या दोऱ्याचा स्पष्ट गंध. ८४.

बिडीला बुडाशी दोरा बांधतात. सिगारला जगात कोणी दोरा बांधत नाही. मन्या ही ओळ वाचणार आणि तासभर आईबहीण काढणार. पाच आठवडे झाले, भांडण नाही. पाठवून दिलं आणि वाट पाहत बसलो. र.भा.सुद्धा थांबले, तमाशा बघायला.

उशीर होतोय म्हणून ते कंटाळून गेले. सात दहाला आलं:

"अगदी बरोबर. तो दोऱ्याचा वास शेवटी मलेही आला. ८४."

मोठ्यानं हसलो. मग मोबाइल पालथा ठेवला.

२२ डिसें., सोम.

र.भा.च्या दुकानात गेलो. गंमत म्हणूनच सांगितली. ते हसले नाहीत. हातात तांब्याची गुंडाळी होती, ती खाली ठेवली.

"म्हंजे त्यानं वढलाच नाही."

"ते कळलं मला. फसवतोय लेकाचा."

"तसं नाही म्हनत मी. दोरा नव्हता, तरी वास आला म्हनते. काहून म्हनंन मानूस असं?"

मी समोरचा स्टूल ओढून बसलो.

"आमची अम्मी शेवटी शेवटी... तोंडाले चवच नव्हती राह्यली. मी रोज इचारो, अम्मी, सालन कसं झालं? त म्हने, झकास झालं बेटा. एक दिवस आमच्या घरच्या मीठ टाकाले भुलल्या. मी पह्यला घास घेतला आन समजलं. अम्मी अर्धी वाटी खाऊन बसली व्हती. झकास म्हने."

गुंडाळी परत उचलली. "तुमचा दोस्त बरा हाये न, पंडितजी?"

२३ डिसें., मंगळ.

सगळी टिपणं ओळीनं लावली. दोघांचीही.

१ ते ४: भांडण. हाताचं अक्षर. वेळेवर. त्याच्या मनाचे गुण.
५ पासून: टाइप केलेलं. उशिरा. माझेच शब्द, माझेच गुण.

म्हणजे मन्यानं चौथ्यानंतर एकही ओढलेला नाही. माझं टिपण येईपर्यंत थांबतो, मग त्यालाच मान हलवतो. आणि चौथ्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखाना होता. रुटीन. मरायला नंबर लावण्याचा विनोद मी तेव्हाच केला होता.

चौथ्याला घशात खवखवलं होतं. पायऱ्यांवर दोनदा थांबला होता. पट्ट्याला भोक.

तीस वर्षं मी वार्ताहर आहे. पाच रविवार बातमी समोर बसून मला "अगदी" म्हणत होती, आणि मी माझ्या जिभेचं कौतुक करत होतो.

डॉक्टरांनी तंबाखू बंद केली असेल. वहिनींनी डबा लपवला असेल. त्या इमारतीचा काही नियम असेल. बाल्कनीत बर्फ असेल. कंटाळाही आला असेल, आला तर मला कसं सांगणार. अशी पाच कारणं लिहिली. सहावं लिहिलं नाही.

२८ डिसें., रवि.

क्र. १०. नाक उघडलं आहे.

बिडीचं सांगितलं नाही. सांगितलं तर त्यालाही सांगावं लागेल.

पाचला पेटवला. धूर तोंडात फिरवला आणि रस शोधायला लागलो तर एकही सापडेना. मग म्हटलं, तिकडे ज्याला काहीच लागत नाही त्याला "कषाय पुढे" लिहून काय उपयोग? सिगारबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि मग उरलेल्या संध्याकाळचं लिहीत सुटलो. जिनिंगकडून येणारा गरम सरकीचा वास. र.भा.च्या दुकानातलं वार्निश. खालच्या घरी मिठाच्या पाण्यात तुरीच्या शेंगा उकडत होत्या, त्याची वाफ जिन्यातून वर येते तेव्हा आधी मीठ येतं, मग शेंग. कापसाच्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगं भाजलं की साल फुटताना जो वास सुटतो तो. चार पानं झाली. गुण द्यायचे विसरलो.

आठ वाजता उत्तर आलं. पाच आठवड्यांत पहिला प्रश्न:

"रशीदभाईच्या दुकानाचं आणखी लिही. वार्निश का जयलेलं तांबं? आन वांगं कोनतं? आपल्या शाळंमागचं हिरवं काटेरी का?"

"अगदी" नव्हतं. त्यानंही गुण दिले नाहीत.

लगेच उत्तर लिहिलं. तांबं आधी, वार्निश नंतर. वांग्याचं विचारून सांगतो.

३ जाने., शनि.

बाभुळगावला जाऊन आलो. कोणतीही बातमी नव्हती. शाळेमागे आता भिंत आहे, भिंतीपलीकडे एका बाईंचं वावर. विचारलं. "हिरवं काटेरी? हाये न. तुमाले कितीक पायजे, दादा?" तिथंच उभं राहून वास घेतला. कच्च्या वांग्याला वास नसतो असं लोक म्हणतात. असतो. देठाशी.

बाई बघत होत्या. "नेता का नुसतं हुंगता?"

सहा घेतली.

४ जाने., रवि.

क्र. ११. हातात होता, दोनदा विझला. आज सिगारचं एक वाक्य लिहिलं: "आहे." बाकी सात पानं वांगी, देठ, भिंत, बाई, परतीच्या एसटीत शेजाऱ्याच्या पिशवीतली मेथी. घरी येऊन भरीत केलं, तेही लिहिलं. मिरच्या जास्त झाल्या, तेही.

साडेसहाला पाठवलं. सात. आठ. काही नाही.

स्वतःलाच बजावलं की जर्मनीत आज लोक बाहेर गेलेले असतील.

५ जाने., सोम.

सकाळी: "वाचलं. दोनदा."

६ जाने., मंगळ.

शुभांगी वहिनींचा नंबर माझ्याकडे लग्नापासून आहे. मी कधी लावला नाही. मन्या असताना गरजच नव्हती. आज लावला. एक घंटा वाजली, कापला.

पाच मिनिटांत त्यांचा मेसेज: "भाऊजी, फोन केला होता का?"

"चुकून लागला, वहिनी."

बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग:

"बरं. रविवारचं असंच मोठं लिहीत जा हं. मी वाचून दाखवते."

वाचून दाखवते.

मी लिहिलं, "हो."

जिल्ह्यात अपघात झाला की मी त्या घरी जाऊन विचारतो, नाव काय, वय काय, कसं झालं. तीस वर्षं विचारत आलो आहे.

११ जाने., रवि.

क्र. १२ ची पाळी. पेटवला नाही. पेटवला की लिफाफा फोडायची वेळ येते.

मन्याला खोटं लिहिलं: "खापरीचं पाणी डब्यात सांडलं. बारावा वाळत घातला आहे. पुढच्या रविवारी." खाली तीन पानं, संक्रांतीच्या बाजाराची. तीळ भाजताना किती वेळ नुसता धूर येतो आणि कोणत्या क्षणी वास येतो.

उत्तर: "घाई नाही. वाळू दे."

मन्या "घाई नाही" म्हणत नाही. तो "कायची घाई बे" म्हणतो.

१४ जाने., बुध., संक्रांत

र.भा. तिळगुळाला आले. दर वर्षी येतात, मी ईदला जातो. लाडू तोंडात टाकून म्हणाले, "गोड बोला म्हनता न आज? मंग मी कडू बोलतो. इचारून टाका."

"काय?"

"तुमाले माहीत हाये काय ते. एसपीले इचारता, मंत्र्याले इचारता. दोस्ताले इचारत नाही?"

"एसपीच्या उत्तरानं माझं काही बिघडत नाही, रशीदभाई."

त्यांनी बिडी काढली, पाहिली, परत बंडलात ठेवली. मग: "पासपोर्ट हाये का तुमच्यापाशी?"

"यवतमाळात लागत नाही."

"मजाक नका करू. मी मक्केच्या उमऱ्याच्या टायमाले काढला व्हता. सारं कम्प्युटरवर असते आता. आजच भरून टाका. काढून ठेवाले काय जाते?"

जाताना जिन्यातून ओरडले, "आज!"

१८ जाने., रवि.

पाचला गच्चीवर. डब्यात दोन उरले आहेत, ९ आणि १२. नवव्याचं मन्याला माहीत नाही. दोन्ही पेटवले नाहीत.

लिफाफा उन्हाकडे धरून पाहिला. आत घड्या केलेले सहा-सात कागद आहेत. वरच्यावर यादी असावी, बारा ओळी पुसट दिसतात. खालचे काठोकाठ भरलेले, हाताचं अक्षर. लाख दिवाळीतच लागली होती, माझ्यासमोर. म्हणजे दवाखान्याच्या आधी. म्हणजे पायऱ्यांवर थांबला तेव्हा त्याला माहीत होतं, आणि रविवारी काय करतो हे त्यानं मला विचारलं तेव्हाही. परत डब्याखाली ठेवला.

आज पाच पानं लिहून पाठवली. विषय: जुनी शाई, ओला डस्टर आणि आपल्या वर्गातल्या खिडकीखालचा कडुनिंब. अजून काही आलेलं नाही.

पासपोर्टचा अर्ज परवा उघडला, आज पुढे भरला. जन्मस्थळ, शिक्षण, वडिलांचं नाव, सगळं झालं. शेवटी एक रकाना आहे: आणीबाणीत कोणाला कळवायचं. नाव, पत्ता, फोन. मी काही विचार न करता मन्याचं नाव टाकलं, हॅम्बुर्गचा पत्ता टाकला, फोन टाकताना थांबलो. मग सगळं खोडलं. दुसरं नाव सुचलं नाही. र.भा.ना विचारीन, ते हो म्हणतील. पण आज तो रकाना रिकामा आहे आणि त्याच्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.

इथे तरी सरळ लिहितो. मन्या मरतो आहे असं मला वाटतं. विचारलं तर तो सांगेल, म्हणून मी विचारत नाही. आणि मला भीती वाटते की मी असाच बाराव्याला वाळत घालत बसेन, वांगी आणि कडुनिंब लिहीत बसेन, आणि तिकडे ज्याला वाचून दाखवायचं तोच उरणार नाही.